तुमच्याआधी किती जणांनी वापरलं?

२०१९च्या नोव्हेंबरात, १२ आणि १३ तारखेच्या सुमारास, ठिकठिकाणच्या कंपन्यांमधल्या संगणक विभागांकडे एकच तक्रार येऊ लागली. क्रोम उघडलंय, टॅब जागच्या जागी आहेत, पण पान कोरं. पांढरंफटक. रिफ्रेश करा, नवा टॅब घ्या, काहीही करा, पांढरंच. कॉल सेंटरसारख्या जागी, जिथे सगळ्यांचं काम ब्राउझरच्या खिडकीतच चालतं, तिथे माणसं हेडफोन लावून नुसती बसून राहिली. संगणकवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नेहमीचाच: काल काय बदललं? उत्तर मिळालं, काहीच नाही. क्रोमची आवृत्ती आदल्या दिवशी होती तीच. विंडोजवर नवं काही चढवलेलं नाही. आणि हे क्रोम कुणा हौशी माणसाने उतरवून घेतलेलं कच्चं क्रोम नव्हतं. रीतसर ‘स्टेबल’ होतं, कोट्यवधी लोक वापरतात ते.

बदल झाला होता तो गूगलच्या बाजूला. एका खिडकीवर दुसरी खिडकी पूर्ण पसरलेली असेल, तर मागची खिडकी रंगवत बसायची कशाला, बॅटरी आणि मेमरी वाचवू या, अशी एक सोय क्रोममध्ये आधीच घालून ठेवलेली होती. ती सगळ्यांच्या संगणकांत होती, पण निजलेली. १२ तारखेच्या मंगळवारी गूगलने ती दुरून जागी केली. घरच्या लॅपटॉपवर ती नीट चालली. पण जिथे एकाच सर्व्हरवर पाचपन्नास माणसांची खाती एकदम चालतात, त्या टर्मिनल सर्व्हरच्या व्यवस्थेत क्रोमचा अंदाज चुकला. समोर उघडी असलेली खिडकी झाकलेली आहे असं समजून त्याने ती रंगवणंच सोडून दिलं. बोभाटा झाल्यावर गूगलने ती सोय मागे घेतली.

या प्रकरणात मला सगळ्यांत बोलका वाटतो तो नंतर बाहेर आलेला तपशील. ही सोय बीटा आवृत्तीत सुमारे पाच महिने चालू होती. त्यानंतर स्टेबल वापरणाऱ्यांपैकी साधारण एक टक्का लोकांना ती महिनाभर दिलेली होती. एकही तक्रार आली नव्हती. म्हणजे चाचणीत कुणी कसूर केली होती असं नाही. पण बीटा वापरणारा माणूस बहुधा स्वतःच्या लॅपटॉपवर बसलेला असतो. टर्मिनल सर्व्हरवर बसलेल्या माणसाला ब्राउझर निवडायची मुभाच नसते, मग तो बीटा कुठून वापरणार?

ब्राउझरची कुठली आवृत्ती घ्यावी हा प्रश्न लोक धाडसाचा करून टाकतात. प्रयोगशील असाल तर ही, सावध असाल तर ती. माझ्या मते तो रांगेचा प्रश्न आहे. नवा बदल एका टोकाने आत शिरतो आणि माणसामाणसांतून जात जात तुमच्यापर्यंत येतो. तुमच्यापुढे रांगेत किती जण आहेत, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यात तुमच्यासारखं काम करणारं कुणी आहे का, एवढंच आवृत्तीच्या नावावरून ठरत असतं.

रांग कशी लागते ते पाहू. क्रोम ज्या खुल्या प्रकल्पातून तयार होतं त्या क्रोमियमच्या कोडमध्ये दिवसाला शेकडो बदल पडतात. ते सगळे धरून रोज एक आवृत्ती बांधली जाते, ती कॅनरी. यंत्रांनी आपापल्या चाचण्या घेतल्या, बांधणी पुरी झाली की सोडली. माणसाचा हात तिला लागलेला असेलच असं नाही. कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखायला पक्षी नेत असत, त्याचंच नाव तिला दिलंय, यावरून तिच्याकडून अपेक्षा काय ते कळावं. त्यानंतर डेव्ह, आठवड्याला एकदा-दोनदा बदलणारी. मग बीटा, जी स्टेबलच्या साधारण महिनाभर पुढे असते. शेवटी स्टेबल, आणि तीही सगळ्यांना एकाच दिवशी मिळत नाही. आधी थोड्यांना, काही बिघडलं नाही तर हळूहळू बाकीच्यांना. मायक्रोसॉफ्टच्या एजनेही हीच नावं उचलली आहेत. फायरफॉक्समध्ये दिवसातून दोनदा बांधली जाणारी नाइटली, मग बीटा, मग रिलीज. डेव्हलपर एडिशन म्हणून आणखी एक मिळतं, पण २०१७पासून ते बीटावरच बेतलेलं आहे. ॲपलने २०१६च्या मार्चमध्ये सफारीची टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू आवृत्ती काढली.

आपण रांगेत कुठे उभे आहोत हे आवृत्तीच्या आकड्यातही दिसतं. क्रोमच्या मेनूत ‘गूगल क्रोमबद्दल’ असं पान आहे. तिथे चार भागांचा एक आकडा असतो, उदाहरणार्थ ११६.०.५८४५.१८७. पहिला भाग म्हणजे आवृत्ती, बातम्यांत येते ती. दुसरा जवळजवळ नेहमी शून्य, तो सोडून द्या. तिसरा सांगतो की मूळ कोडापासून ही फांदी कुठल्या ठिकाणी तोडली. आणि चौथा सांगतो की तोडल्यानंतर तिच्यात डागडुजी कुठवर झाली. कॅनरी उघडून पाहिलीत तर तिसरा भाग रोज वाढलेला दिसेल आणि चौथ्या जागी बहुतेक वेळा शून्य. त्या शून्याचा अर्थ, सकाळी बांधली, अजून हिच्यावर दुरुस्तीचा हात फिरलेला नाही. स्टेबलमध्ये उलट: तिसरा भाग आठवडेच्या आठवडे हलत नाही, चौथा वाढत राहतो. कुणी विचारलं की स्टेबल म्हणजे नक्की काय, तर मी हा चौथा आकडा दाखवतो.

ही उतरंड फार जुनी नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१च्या ऑगस्टमध्ये आणि ७ आला २००६च्या ऑक्टोबरमध्ये. पाच वर्षं जग एकाच ब्राउझरवर बसून होतं आणि त्यातल्या खोडी संकेतस्थळं बनवणाऱ्यांना तोंडपाठ झाल्या होत्या. फायरफॉक्सचंही बरं चाललं होतं असं नाही, ३.६ आली जानेवारी २०१० मध्ये आणि ४ आली मार्च २०११ मध्ये. अशा लांबलचक अंतराचा एक छुपा दोष असतो. एखाद्याने वर्षभर खपून केलेली सोय ऐन वेळी कच्ची निघाली तर पुढच्या आवृत्तीसाठी पुन्हा वर्ष थांबायचं. त्यापेक्षा तशीच कोंबा. म्हणजे क्वचित येणारी आवृत्ती जास्त मुरलेली असते हा आपला समज उलटा ठरायचा. गूगलने २०१०च्या जुलैमध्ये जाहीर केलं की दर सहा आठवड्यांनी नवी स्टेबल आवृत्ती काढू. या खेपेला हुकलं तर सहा आठवड्यांनी पुढची खेप आहेच, घाई कुणी करू नये.

हे परवडलं त्यामागे एक कमी बोललं जाणारं काम आहे. ब्राउझर वरचेवर बदलायचा तर प्रत्येक वेळी पूर्ण फाइल उतरवणं त्या काळच्या इंटरनेटवर कुणाला झेपलं नसतं. २००९ मध्ये क्रोमच्या लोकांनी कूर्जेट नावाची पद्धत काढली. जुन्या आणि नव्या फाइलमधला फक्त फरक पाठवायचा, पण तो आधीच्या पद्धतींपेक्षा फार बारीक करून. त्यांनीच दिलेलं उदाहरण असं: पूर्ण अपडेट एक कोटी बाइटांच्या वर, तोवर प्रचलित असलेल्या फरकाच्या पद्धतीने सुमारे सात लाख, आणि कूर्जेटने ७८,८४८. आपल्या नकळत ब्राउझर बदलत राहतो तो असल्या कामगिरीच्या जोरावर.

फायरफॉक्सने २०११ मध्ये हाच वेग धरला आणि चांगलंच रण पेटलं. मार्चमध्ये ४ आलेली. कंपन्यांनी ती तपासून, कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर चढवायची तयारी केली, तोवर २१ जूनला ५ हजर, आणि ५ आली म्हणून ४ची देखभाल बंद! मोठ्या संस्थांत एखादं सॉफ्टवेअर मंजूर व्हायलाच तीन महिने लागतात. त्यांनी आरडाओरडा केला तो योग्यच होता. त्यातून २०१२च्या जानेवारीत ईएसआर ही शाखा निघाली. वर्षभर तिच्यात नव्या सोयी घालायच्या नाहीत, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या द्यायच्या. क्रोमने असली सवड द्यायला २०२१ उजाडू दिलं. त्या सप्टेंबरात ९४व्या आवृत्तीपासून त्याचा फेरा सहावरून चार आठवड्यांवर आला, आणि ज्यांना एवढी घाई नको त्यांच्यासाठी आठ आठवड्यांची एक्स्टेंडेड स्टेबल निघाली.

या सगळ्या वेगात एकदा खंड पडला. १८ मार्च २०२० रोजी, करोनामुळे सगळे घरी बसल्यावर, गूगलने क्रोमच्या नव्या आवृत्त्या काही काळ थांबवल्या. आवृत्ती ८२ आलीच नाही. ८१नंतर थेट ८३. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी आणखी एक पाऊल मागे घेतलं. कुकींबाबतचा एक कडक नियम नुकताच लागू होत होता, तो तात्पुरता उठवला, कारण बँका, किराणा, आरोग्य आणि सरकारी सेवांची संकेतस्थळं त्या दिवसांत बंद पडून चालणार नव्हती. किती लोकांच्या पायाखाली आपण बदल करतो आहोत याची जाणीव ब्राउझर बनवणाऱ्यांना असते, हे त्या वेळी उघड दिसलं.

आता रांगेच्या पुढच्या टोकाला उभं राहिलं तर काय होतं?

बहुतेक दिवशी काहीच होत नाही. हे ऐकून लोक निराश होतात. नाइटली महिनामहिना बिनबोभाट चालते. मग एका दिवशी व्हिडिओचा आवाज येतो पण चित्र येत नाही, किंवा छापायला दिलेलं पान अर्धंच छापलं जातं, आणि संध्याकाळच्या बांधणीत ते आपोआप दुरुस्तही झालेलं असतं. त्रास बिघाडाचा फारसा नसतो, तो कधी होईल ते सांगता येत नाही याचा असतो. प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस आणि नाइटलीचा वाईट दिवस एकच निघाला तर दोष कुणाला देणार?

पण या पुढच्या टोकाच्या लोकांनी वेब वाचवल्याची उदाहरणं आहेत. २०१८च्या मार्चमधलं एक तर मजेदार आहे. जावास्क्रिप्ट भाषेत यादीतल्या याद्या सपाट करून देणारी ‘फ्लॅटन’ नावाची सोय यायची होती. फायरफॉक्सने ती नाइटलीत घातली आणि एक लोकप्रिय संकेतस्थळ मोडलं. शोध घेतल्यावर सापडला मूटूल्स नावाचा तयार कोडचा जुना संच. त्याने कित्येक वर्षांपूर्वी स्वतःच ‘फ्लॅटन’ या नावाची सोय याद्यांना जोडलेली होती आणि तिथून ती आपल्या इतर वस्तूंत नकलून घेतली होती. ब्राउझरची स्वतःची फ्लॅटन आल्यावर ती नक्कल होईना, आणि मूटूल्सवर उभी असलेली पानं कोसळू लागली. असली किती पानं जगात विखुरलेली असतील कोण जाणे. भाषेचे नियम ठरवणाऱ्या मंडळींत यावर बरीच खडाजंगी झाली. कुणीतरी थट्टेने ‘स्मूश’ हे नाव सुचवलं, ते बऱ्याच जणांनी खरं मानलं आणि आणखी गोंधळ झाला. शेवटी मे महिन्यात नाव ठरलं ‘फ्लॅट’. नाइटलीत हे उघडकीला आलं नसतं तर ती जुनी पानं थेट सामान्य वाचकाच्या समोर मोडली असती, आणि वाचकाने ब्राउझरला नव्हे, त्या संकेतस्थळालाच नावं ठेवली असती.

उलट प्रसंगही सांगायला हवा. ४ मे २०१९ रोजी फायरफॉक्स वापरणाऱ्यांची सगळी एक्स्टेंशनं एकाएकी बंद पडली: जाहिराती अडवणारी, पासवर्ड सांभाळणारी, सगळी. एक्स्टेंशन खरं आहे याची खात्री ज्या डिजिटल प्रमाणपत्रावर अवलंबून होती, त्याची मुदतच संपली होती. नव्या आवृत्तीचा, जुन्या आवृत्तीचा इथे संबंध नव्हता. पण सुटकेत फरक होता. सहीशिवाय एक्स्टेंशन चालू द्या, असं सांगणारी सेटिंग नाइटली, डेव्हलपर एडिशन आणि ईएसआरमध्ये बदलता येते. साध्या आवृत्तीत, म्हणजे जी सगळे वापरतात तीत, ती बदलून उपयोग होत नाही. सामान्य माणसाला कुणी फसवून ती बदलायला लावू नये म्हणून तसं केलेलं आहे आणि ते बरोबरच आहे. त्या दिवशी मात्र साध्या आवृत्तीवाले फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या तातडीच्या दुरुस्तीची वाट पाहत बसले, आणि ज्यांना आपण जोखीम घेणारे म्हणतो ते दोन मिनिटांत आपल्या कामाला लागले.

सुरक्षेचा हिशोब याहून गुंतागुंतीचा आहे, आणि इथे बरेच जण फसतात. कच्ची आवृत्ती असुरक्षित आणि पक्की सुरक्षित, इतकं ते सोपं नाही. क्रोमियमचा कोड उघडा आहे. एखादं भगदाड बुजवलं की ती दुरुस्ती आधी मूळ कोडात पडते, म्हणजे कॅनरीला लगेच मिळते, आणि स्टेबलला यायला दिवस लागतात. मधल्या काळात हल्लेखोर ती दुरुस्ती वाचून भगदाड कुठे होतं ते ओळखू शकतो. हे अंतर एके काळी सरासरी ३५ दिवसांचं होतं, २०२० मध्ये ते १५ दिवसांवर आणलं, आणि २०२३च्या ऑगस्टपासून स्टेबलला सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला मिळू लागल्या. दुसऱ्या बाजूने, कॅनरीत रोज पडणाऱ्या नव्या कोडात नवी भगदाडंही असतात, ती अजून कुणी शोधलेली नसतात एवढंच. आणि हल्लेखोरांनी प्रत्यक्ष वापरलेलं भगदाड सापडलं की सगळं लक्ष आधी स्टेबलकडे जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या चित्रप्रकारातलं भगदाड सापडलं तेव्हा वर उदाहरणाला घेतलेली ११६.०.५८४५.१८७ हीच दुरुस्तीची आवृत्ती होती. फायरफॉक्सने साधी आवृत्ती आणि ईएसआर या दोन्हींना दुरुस्ती लगोलग दिली.

म्हणून सगळ्यांत वाईट पर्याय कॅनरी नाहीच. सगळ्यांत वाईट पर्याय आहे गोठवून ठेवलेला जुना ब्राउझर. आणि तो आपल्याकडे मुबलक आढळतो. ई-टेंडर भरणाऱ्या कुणालाही विचारा. डिजिटल सहीसाठी कित्येक पोर्टलं जावाच्या ॲपलेटवर, म्हणजे प्लगइनच्या आधाराने ब्राउझरात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, विसंबून होती. क्रोमने असली प्लगइनं चालवणं २०१५ मध्ये पूर्ण थांबवलं, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२व्या आवृत्तीपासून. फक्त ५२ची ईएसआर शाखा ती पुढचं वर्ष-दीड वर्ष चालवत राहिली. मग कंत्राटदारांच्या आणि सायबर कॅफेवाल्यांच्या संगणकांवर ही ईएसआर ५२ ठाण मांडून बसली, अपडेट बंद करून, मुदत संपल्यावरसुद्धा. टेंडर वेळेत जायला हवं, त्यामुळे त्यांची अडचण खरी होती. पण त्याच ब्राउझरमध्ये मेल, त्याच ब्राउझरमध्ये बँक, हे मात्र कुणीच सांगितलेलं नव्हतं. जुनं ठेवणं भागच असेल तर ते त्या एका कामापुरतं ठेवावं आणि बाकी सगळ्याला दुसरा ब्राउझर वापरावा.

विंडोज ७ वर अडकलेल्यांचंही तसंच. क्रोमची १०९वी आवृत्ती त्यांच्यासाठी शेवटची ठरली, जानेवारी २०२३ मधली. फायरफॉक्सने मात्र ११५च्या ईएसआरवर त्यांना आसरा दिला आणि तिची मुदत पुनःपुन्हा वाढवली. घरातला जुना संगणक मुलाला अभ्यासाला दिलेला असेल आणि ती मुदत अजून चालू असेल तर नुसतं एवढं बदलूनही बराच फरक पडतो.

केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था क्रोमविषयी अधूनमधून सूचना काढते आणि मग वाहिन्यांवर ‘क्रोम वापरणाऱ्यांनो, सावधान!’ सुरू होतं. घाबरून कुणी क्रोम काढून टाकतं, कुणी पुतण्याच्या सल्ल्याने भलतंच काही उतरवतं. सूचनेत लिहिलेलं असतं एवढंच, की अमुक आकड्याच्या आधीची आवृत्ती असेल तर अपडेट करा. अपडेट बहुधा येऊनही बसलेलं असतं. महिनाभर ब्राउझर बंदच न केल्यामुळे ते लागू झालेलं नसतं.

मग निवड कशी करावी? माझं मत विचाराल तर रोजच्या कामाला, पैशांच्या व्यवहाराला, सरकारी अर्जांना साधी स्टेबल आवृत्ती, दुसरा विचार नको. वीसपंचवीस संगणकांचं कार्यालय सांभाळत असाल तर ईएसआर किंवा एक्स्टेंडेड स्टेबल, आणि त्यातले एक-दोन संगणक बीटावर. गूगलही संस्थांना पाचेक टक्के लोक बीटावर ठेवा असा सल्ला देतं. ते दोन संगणक साहेबांचे नकोत. ज्या टेबलावर सगळ्यांत विचित्र प्रिंटर, सगळ्यांत जुनं सॉफ्टवेअर आहे, त्या टेबलावरचे घ्या. नोव्हेंबर २०१९च्या पांढऱ्या पडद्याचा अर्थ मला तरी असाच लागला. संकेतस्थळं बनवत असाल तर बीटा रोज उघडायलाच हवी, कारण पुढच्या महिन्यात तुमच्या ग्राहकाला काय दिसणार आहे ते तीत आज दिसतं.

आणि कॅनरी किंवा नाइटली? ती घ्यावी हौसेने, पण शेजारी. विंडोजवर कॅनरी आपलं बिऱ्हाड ‘क्रोम एसएक्सएस’ अशा वेगळ्या फोल्डरात थाटते, त्यामुळे ती बिघडली तरी मूळ क्रोमला धक्का लागत नाही. फायरफॉक्सनेही ६७व्या आवृत्तीपासून प्रत्येक आवृत्तीला वेगळं प्रोफाइल दिलंय. त्याच आवृत्तीत आणखी एक पहारा आला: नाइटलीने वापरलेलं प्रोफाइल जुन्या फायरफॉक्सने उघडायला गेलात तर ते साफ नकार देतं, नवं प्रोफाइल करा म्हणतं. वर चढणं सोपं, उतरणं अवघड. नव्या आवृत्तीने इतिहास, बुकमार्क, पासवर्ड यांची मांडणी बदललेली असू शकते आणि जुनीला ती वाचता येत नाही. कच्च्या आवृत्तीत आपल्या नेहमीच्या खात्याने सिंक मात्र चालू करू नये. वेगळी केलेली बिऱ्हाडं त्या एका बटणाने पुन्हा एक होतात.

मराठी वाचकाने नाइटली वापरावी याला एक खास कारणही आहे. फायरफॉक्सचं मराठीकरण स्वयंसेवक करतात, मोझिलाच्या पॉन्टून या व्यासपीठावर, आणि नवी वाक्यं सगळ्यांत आधी दिसतात ती नाइटलीत. बटणाची उंची रोमन अक्षरांच्या मापाने बेतली की ‘सर्व’मधला रफार वरून छाटला जातो, ‘पूर्ण’मधला ऊकार खालून. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या नीट जुळतो की र आणि या वेगवेगळे पडतात, हे मराठी वाचणाऱ्या माणसालाच खटकतं. यंत्राच्या चाचणीला ते शब्द ठीकच वाटतात. रांगेच्या पुढच्या भागात मराठी वाचणारं कुणी नसेल तर हा ऱ्या तसाच स्टेबलपर्यंत पोचणार.

असं काही दिसलं तर नुसतं ‘बिघडलंय’ कळवून भागत नाही, कधी बिघडलं ते सांगता आलं तर काम फत्ते. त्यासाठी मोझरिग्रेशन नावाचं एक फुकट साधन आहे. समजा, सहा महिन्यांपूर्वी अक्षर नीट दिसत होतं आणि आज दिसत नाही. या दोन तारखा त्याला द्यायच्या. ते मधल्या तारखेची नाइटली उतरवतं, तात्पुरत्या कोऱ्या प्रोफाइलमध्ये उघडतं आणि विचारतं, चांगली की वाईट? तुम्ही पान उघडून पाहायचं आणि ‘गुड’ किंवा ‘बॅड’ एवढंच उत्तर द्यायचं. चांगली म्हणालात तर पुढचे तीन महिने शिल्लक, वाईट म्हणालात तर मागचे. मग पुन्हा मधली तारीख. सहा महिन्यांचे सुमारे १८० दिवस असे निम्मे-निम्मे होत आठेक उत्तरांत एका दिवसावर येतात, आणि त्याच्याही आत जाऊन ते साधन त्या दिवसातल्या मोजक्या बदलांवर बोट ठेवतं. यात प्रोग्रॅमिंगची एक ओळही लिहावी लागत नाही. हाती आलेला तो बदलाचा क्रमांक मोझिलाच्या बगझिला या तक्रारवहीत, बिघडलेल्या ऱ्याच्या चित्रासह लिहिला की तक्रार ज्याने तो बदल केला त्याच्यासमोरच जाऊन पडते.